लेन्समधलं पाणी

माझ्या बुबुळाला नाक फुटलंय, असं मी माझा आजार सासूबाईंना समजावून सांगितला होता. त्यांना तो लगेच कळला. डॉक्टर त्याला केराटोकोनस म्हणतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होत जातो आणि डोळ्याच्या आतल्या दाबानं शंकूसारखा पुढे येतो. मग एका दिव्याचे पाच दिवे दिसतात आणि ताटात वांगं आहे की दोडका, हे वासावरून ठरवावं लागतं. चष्म्याचा उपयोग शून्य. त्यावर एकच इलाज, मोठी कडक लेन्स. ती बुबुळाला शिवत नाही, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि बुबुळावर घुमटासारखी उभी राहते. त्या घुमटात सलाइनचं पाणी भरलेलं असतं. ते पाणीच बुबुळाचा वाकडेपणा भरून काढतं. लेन्स घातली की मी पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवते.

कागलच्या औद्योगिक वसाहतीत मी कामाला आहे. पेट्रोलच्या स्कूटरी केव्हाच गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या बॅटरीच्या स्कूटरींचंही आता भंगार झालं, आणि ते ट्रक भरभरून आमच्याकडे येतं. बॅटरी दळून तिच्यातले धातू वेगळे करायचं काम यंत्रं करतात. पण दळण्याआधी पेटी उघडावी लागते, आणि तिथे यंत्राची डाळ शिजत नाही. कुणी स्क्रू लावलेले, कुणी गोंद ओतलेला, कुणाची पेटी अपघातात चेपलेली. कंपनीनं रोबो आणून बघितला, त्यानं आग लावली. म्हणून आमचा ‘खोलणी’ विभाग अजून माणसांचा आहे. एका टेबलाची मी प्रमुख. माझ्या शेजारी हसीना मुजावर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि जिभेनं दहा वर्षांनी मोठी. हॉलच्या दुसऱ्या टोकाला दळणयंत्र, आणि त्याच्या बटणावर माझा नवरा, भूपाल मगदूम.

मी लागले तेव्हा लेन्सवाल्यांना हॉलमध्ये बंदी होती. का, तर वायूनं लेन्स बुबुळाला चिकटते म्हणे. ही गोष्ट वेल्डिंगवाल्यांत माझ्या आज्याच्या काळापासून चालत आली आहे, पण चिकटलेली लेन्स स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. सेफ्टी ऑफिसर रणवरे साहेबांनी नियमाचा कागद पुढे केला. मी तिथल्या तिथे लेन्स काढली, डबीत ठेवली आणि चाचपडत टेबलाशी जाऊन बसले.

“आता नियमात बसतंय न्हवं?” मी म्हटलं. “द्या कटर हातात.”

रणवरे साहेबांनी कटर माझ्या हातापासून लांब सरकवलेला मला अंधुकसा दिसला. नियम पाळला तर मी बोटं कापून घेणार, आणि मोडला तर कागद रागावणार. तोवर मला हॉलबाहेरच्या कामाला लावलं. त्या दिवसापासून आमच्या सेफ्टी कमिटीत माझ्या डोळ्यांचा विषय सुरू झाला, आणि त्यातूनच पुढे ‘साक्षी’ आली.

साक्षी ही लेन्स आमच्यासारख्यांसाठीच काढली होती, आणि तिची कल्पना एवढी सोपी होती की ती मला आधी का सुचली नाही याचा मला राग आला. बॅटरीतल्या द्रावणाला हवेतला ओलावा लागला की फ्लोराइडचा तिखट आम्लवायू सुटतो. तो थोडाच असतो, म्हणून वासही लागत नाही. भिंतीवरचं यंत्र त्या क्षणाची हवा मोजतं, आणि आमचं तर ताज्या हवेच्या झडपेशी टांगलेलं, त्यामुळे कायम खूश. लेन्समधलं पाणी मात्र दिवसभर माणसाच्या तोंडासमोर असतं. पापणी लवते तसे अश्रू कडेनं थेंबाथेंबानं आत जातात, आणि हवेत जे असेल ते घेऊन जातात. संध्याकाळी त्या पाण्यात अख्ख्या दिवसाच्या हवेचा अर्क उतरलेला असतो. साक्षीच्या कडेला केसासारखी बारीक कडी होती. ती पाण्यातलं फ्लोराइड मोजायची आणि सेफ्टी चष्म्याच्या दांडीवर दिवा लावायची. हिरवा, पिवळा, लाल. कारखाना खात्यानं तिला मंजुरी देताना एक अट घातली. दिवा लाल झाला की हॉल रिकामा करायचा, आणि हवा तपासल्याशिवाय परत चालू करायचा नाही.

कंपनीनं मोठा कार्यक्रम करून मला दोन्ही डोळ्यांसाठी साक्षी दिली. फोटो काढले. ‘दृष्टिदोषावर मात’ असं फलकावर लिहिलं.

पहिल्याच आठवड्यात दिवा लाल झाला. सगळे बाहेर जाऊन उभे राहिले. दोन दिवसांनी परत लाल. महिनाभर हेच चाललं, टार्गेट चुकलं, सगळ्यांचा इन्सेंटिव्ह गेला. मी हॉलमध्ये शिरले की “आला बघा सिग्नल” असं कुणीतरी पुटपुटायचं. भूपालला डबा खाताना टोमणे बसायचे, आणि तो घरी येऊन ते माझ्यावर काढायचा.

“अख्ख्या हॉलात तुझ्याच एकटीच्या डोळ्याला कसं कळतंय?” तो म्हणायचा.

“बाकीच्यांच्या डोळ्याला दिवा न्हाई, म्हणून.”

मग रणवरे साहेबांनी तोडगा काढला. दर दोन तासांनी घंटा होईल, मी शेजारच्या स्वच्छ खोलीत जायचं, लेन्स काढून धुवायची, नवं पाणी भरून घालायची. डोळ्यांच्या आरोग्यासाठी. लेन्स घालताना तोंड जमिनीला समांतर करावं लागतं आणि खाली आरसा लागतो, म्हणून हसीना सोबत यायची. ती आरसा धरायची आणि तेवढ्या वेळात अख्ख्या कागलच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. जुनं पाणी बेसिनमध्ये जायचं. त्या दिवसापासून दिवा हिरवा राहिला. टार्गेट पुरं व्हायला लागलं, लोक परत माझ्याशी हसून बोलायला लागले, आणि हिरव्या दिव्याखाली काम करायला मलाही बरं वाटत होतं. दर दोन तासांनी आम्ही पुरावा धुऊन टाकत होतो, आणि आरशात बघून टिकली नीट करत होतो.

पावसाळा संपता संपता एक दिवस हसीना म्हणाली, “अक्का, माझा चष्मा पुसून दे गं. धुरकट दिसतंय.”

मी चष्मा घेतला. काच लख्ख होती. मी ती उगीच पदरानं पुसली आणि परत दिली. तिनं तो घातला, डोळे बारीक केले, आणि कटर रेघेच्या बाजूला टेकवला. मी तिचा हात धरला.

तिला मी कोल्हापूरला माझ्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. बुबुळाचा वरचा थर जागोजागी जळला आहे, त्या म्हणाल्या, एकदम नाही, रोज थोडा थोडा. दोन्ही डोळ्यांत पांढुरके व्रण पडलेत. औषधानं पुढचं थांबेल, पण गेलं ते पूर्ण परत येणार नाही. हसीनानं एकच विचारलं, मुलांचा अभ्यास घेता येईल का. डॉक्टर म्हणाल्या, अक्षर मोठं लागेल.

मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

“तुमचं बुबुळ स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. “वेडंवाकडं आहे ते आहेच, पण जळलेलं नाही. पाण्याच्या आड होतं ना. दिवसातून किती वेळा पाणी बदलता?”

“चार वेळा.”

“कशासाठी? तुमच्या डोळ्याला एकदा पुरतं.”

दिवा हिरवा राहावा म्हणून, हे मला त्याच क्षणी कळलं. हसीनालाही कळलं. बाहेर बाकड्यावर बसल्यावर ती म्हणाली, “आरसा माझ्याच हातात असायचा की, अक्का.”  एसटी मिळेपर्यंत मला माझ्या धडधाकट दिसण्याचीच लाज वाटत राहिली. आजारी मी होते, आणि जळली ती.

रणवरे साहेब वाईट माणूस नाही. वाईट माणसं परवडतात, त्यांच्याशी भांडता येतं. हा माणूस चहा मागवतो. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं आणि विचारलं, “हॉलची हवा ओढणाऱ्या एक्झॉस्टचे फिल्टर कधी बदललेत?”

“मागणी टाकलेली आहे, ताई. हेड ऑफिसकडून यायचे आहेत.”

“कवापासनं?”

त्यांनी चहात साखर ढवळली. “मुजावर ताईंचं फार वाईट झालं. पण त्यांच्या घरात चूल आहे, धूर असतो. नक्की कशानं झालं, आपण कसं सांगणार?”

“माझ्या लेन्सनं सांगितलं असतं. तुम्ही सांगू दिलं न्हाई.”

“तुमच्या डोळ्यांची काळजी म्हणूनच पाणी बदलायला सांगितलं ना आम्ही?”

“आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी,” मी म्हटलं. “हवा खराब हॉलातली, आणि धुताय माझा डोळा.”

त्यावर त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि एक पत्र पुढे ठेवलं. मला बढती होती. काचेच्या खोलीत बसायचं, नव्या मुलींना पडद्यावर खोलणी शिकवायची. बदल्यात मी एक गोष्ट मान्य करायची, माझ्या लेन्सचा लाल दिवा ही माझ्या आजाराची वैयक्तिक बाब आहे, हॉलच्या हवेशी तिचा संबंध नाही. भूपालच्या सुपरवायझरपदाचाही विचार चालू आहे, हे त्यांनी मी दारात पोचल्यावर सांगितलं. सोमवारपर्यंत मुदत. सही नसेल तर साक्षी जमा करायची. माझी साधी लेन्स घरी होतीच, पण ती घालून हॉलमध्ये पाऊल टाकता येत नव्हतं. म्हणजे सही नाही, तर काम नाही.

घरी मी भूपालला सांगितलं. तो भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिला.

“हसीनाचं वाईट झालं,” तो म्हणाला. “पर तू सही केलीस न्हाई म्हणून तिचं डोळं परत येणार हायत का?”

“तिचं न्हाई येणार.”

“मग? तू काचेत बसशील. मला सुपरवायझर करतील. हात जोडून देत्यात तर घ्यावं माणसानं. सगळ्यांचा मक्ता तूच घेतलायस का?”

असं म्हणता म्हणता त्यानं मनगटानं डोळे चोळले. वर्षभर तो रोज संध्याकाळी हेच करत होता आणि मी त्याला धूळ म्हणत होते. मी ताट बाजूला केलं आणि त्याची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे फिरवलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी त्याच्या डोळ्यांत इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. पांढऱ्या भागात लाल रेषांचं जाळं झालं होतं.

“ह्या डोळ्यांवर सही मागत्यात ते,” मी म्हटलं. “माझ्या न्हाई. माझं डोळं पाण्यात हायत, मजेत. उद्या मी काचेत बसून बघायचं, आणि तुम्ही हितं चाचपडत भाकरी शोधायची, व्हय?”

“मला काय झालेलं न्हाई.”

“हसीना पण हेच म्हणायची.”

तो रागानं उठला आणि बाहेर जाऊन कठड्यावर बसला. आमच्यात त्या शनिवारी रात्री आणि रविवारी बोलणं झालं नाही. सासूबाईंनी दोघांनाही वेगवेगळं वाढलं. मला भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? नोकरीची वाटत होती आणि त्याहून जास्त त्याची, कारण हा माणूस एकदा रुसला की सणाला सुद्धा हसत नाही. पण सही करायचा विचार मनात आला की हसीनाचा तो लख्ख चष्मा आठवायचा, आणि भीतीच्या जागी संताप यायचा.

सोमवारी मी कामावर गेले. शेजारचं हसीनाचं स्टूल रिकामं होतं. पहिली घंटा झाली. मी पेटी उघडत राहिले. घंटा परत झाली, बराच वेळ. आजूबाजूचे हात थांबले.

रणवरे साहेब आले. “ताई, पाणी बदलायची वेळ झाली.”

“बदलणार न्हाई.”

“डोळ्याला इजा होईल.”

“डॉक्टरांना विचारलंय. एक दिवस राहिलं तर काय होत न्हाई.”

दुपारच्या जेवणाआधी दिवा पिवळा झाला. मी डबा खायलाही उठले नाही, कारण मी उठले तर कुणीतरी मला गोड बोलून त्या खोलीत नेईल अशी मला धास्ती होती. जेवणानंतर काम सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. समोरच्या टेबलावरची बाई माझ्या कानशिलाकडे बघून थबकली, आणि दिवा लाल झाल्याचं मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी उभी राहिले. “हॉल रिकामा करा,” मी मोठ्यानं म्हटलं. “नियम हाय.”

दळणयंत्राची घरघर थांबली. पण दारापर्यंत कुणी पोचायच्या आत रणवरे साहेब हात वर करून मध्ये उभे राहिले. त्यांच्या हातात ते पत्र होतं.

“एक मिनिट. सगळे थांबा. ताई, आज मुदत संपली. सही करताय?”

“न्हाई.”

“मग लेन्स जमा करा. ती कंपनीची आहे.”

हे त्यांनी सगळ्यांसमोर मागितलं, तेही एका अर्थी बरंच झालं. मी ओढून चष्मा काढला. खिशातून लेन्सला चिकटणारी रबरी दांडी काढली, खाली वाकले आणि लेन्स सोडवली. डॉक्टरांनी दिलेली निर्जंतुक कुपी मी सकाळीच कमरेला खोचली होती. लेन्समधलं पाणी मी तिच्यात ओतलं आणि बूच घट्ट दाबलं. मग दुसऱ्या डोळ्याचं. रिकाम्या लेन्स आवाजाच्या दिशेनं पुढे केल्या.

“घ्या. लेन्स कंपनीच्या हायत. पाणी माझ्या डोळ्यातलं हाय, ते कुणाला मिळणार न्हाई. ते कारखाना खात्याकडे तपासायला जाणार.”

समोर आता माणसं नव्हती, नुसते निळे डाग होते आणि छतावरच्या दिव्यांचे फराटे. रणवरे साहेबांचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू आला, आणि त्यात पहिल्यांदाच चहा नव्हता.

“हॉलमध्ये आता साक्षी लेन्स नाही,” ते म्हणाले. “लेन्स नाही, तर लाल दिव्याची अटही लागू नाही. भिंतीवरचं यंत्र हिरवं आहे. सगळ्यांनी जागेवर जा. मगदूम, मशीन चालू करा.”

खरं सांगते, इतकी सरळ चलाखी मला अपेक्षित नव्हती. घंटा वाजते, तर घंटाच काढून ठेवायची.  हॉलच्या त्या टोकाला भूपाल उभा होता, दोन दिवस माझ्याशी न बोललेला, सुपरवायझर व्हायला निघालेला. त्याचं बोट बटणाजवळ आहे की लांब, हे मला दिसणं शक्य नव्हतं. मी यंत्र सुरू व्हायची वाट बघत राहिले.

“मगदूम,” रणवरे साहेब परत म्हणाले. “बटण.”

“मला पण लेन्स द्या,” भूपालचा आवाज आला.

“काय?”

“तिला दिली तसली. दिव्याची. मग दाबतो बटण.”

“अहो, ती डोळ्याचा आजार असणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या डोळ्यांना काय झालंय?”

“अजून काय न्हाई,” भूपाल म्हणाला. “म्हणून तर आत्ता मागतोय.”

 मग माझ्या डाव्या बाजूच्या टेबलावरून एक बाई म्हणाली, “मला पण द्या.” मागून एक पुरुषाचा आवाज आला, “लिहून घ्या साहेब, मला दोन्ही डोळ्यांना.” कुणीतरी हसलं. मग या टेबलावरून, त्या टेबलावरून आवाज यायला लागले, मला सिग्नल म्हणणारे आवाजही त्यात होते. मला एकाही माणसाचं तोंड दिसत नव्हतं आणि माझे डोळे भरून आले होते. आता ते पाणी मोजायला तिथे काही नव्हतं, आणि मला त्याची फिकीर नव्हती.

“अरे, एवढ्या लेन्स कुठून आणू मी?” रणवरे साहेब म्हणाले. ते चिडले नव्हते. खरंच विचारत होते.

“मग फिल्टर आणा,” मी म्हटलं. “ते बसवा, तोवर आम्ही बाहेर बसतो.”

भूपाल माझ्याजवळ आला आणि त्यानं माझा कोपर धरला. कुपी मुठीत घट्ट धरून मी त्याच्याबरोबर चालायला लागले. मागे स्टुलं सरकली, हातमोजे टेबलांवर पडले. लाल दिवा केव्हाच विझला होता, तरी हॉल रिकामा व्हायला लागला.